ताईने वाचावं म्हणून

चाळिशीला टेकली तरी घरात ती छोटीच राहिली होती. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात एकेक दात बसवायचा, चावा जुळतो का पाहायचा, नाही जुळला तर घासायचा. घरी आली की आई. सहा वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू गेली, तेव्हापासून तिला उठवणं, भरवणं, आंघोळ घालणं सगळं छोटीच्या वाट्याला. थोरली ताई तीन गल्ल्या सोडून राहायची. ती मुख्याध्यापिका, आणि आईकडेही शाळा तपासायला आल्यासारखी यायची. चादर चाचपायची, गोळ्यांची डबी उघडून बघायची, चहा पिऊन निघून जायची.

मागच्या वर्षी छोटीला लॅबमध्ये अचानक रडू फुटायला लागलं. हातात कवळी आणि डोळ्यांतून धारा. मग तिने ऑनलाइन समुपदेशन सुरू केलं. दर मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, प्लास्टरच्या पोत्यांमागे बसून ती फोनवर व्हिडिओ कॉल लावून समुपदेशक मॅडमशी समोरासमोर बोलायची. मधल्या दिवसांत मनात येईल ते घरच्या टॅबवरून लिहून पाठवायची. पासवर्डच्या भानगडीत ती कधी पडली नाही. त्या टॅबला हात लावायची ती फक्त ताई, तेही आईच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला.

एका रविवारी मामा-मामी जेवायला होते. भावजी, म्हणजे ताईचे यजमान, आईच्या ताटात वाढत होते. छोटीने धीर करून विषय काढला. "ताई, पंधरा दिवस आईला तुझ्याकडे ने ना. मला जरा झोप मिळेल."

ताईने घास खाली ठेवला. "झोप? आईचा श्वास मोजत पडलेली असतेस तू. आणि तो थांबला तर सुटेन, असं वाटतं तुला. आई, ऐकलंस? हे वाटतं हिला."

मामीचा हात तोंडावर गेला. ते वाक्य छोटीचंच होतं, शब्दन् शब्द. पण ते तिने जगात एकाच ठिकाणी लिहिलं होतं.

त्या दिवसापासून आईने तिच्या हातचा घास घेणं बंद केलं. डाव्या हाताने, निम्मं अंगावर सांडत, स्वतःच जेवायची. छोटी समोर उभी राहून बघायची आणि दातओठ खायची.

हे ऐकून मॅडमनी सांगितलं, "आज घरी गेल्या गेल्या टॅबला पासवर्ड घाला." छोटी हो म्हणाली. घातला नाही. उलट टॅब पुसून, चार्ज करून आईच्या उशाशी ठेवला, ताईला शोधावा लागू नये म्हणून.

मग तिने लिहायला घेतलं. "मॅडम, भावजी माझ्याजवळ मन मोकळं करतात. घरी गुदमरायला होतं म्हणतात." चार दिवसांनी लिहिलं, "त्यांच्याकडे गाडी शिकायला येणारी एक आहे. तिच्याबरोबर असलं की हसू येतं, म्हणाले." आणखी आठवड्याने, "शाळेला सुट्टी लागली की निघून जाणार म्हणतात. ताईला कसं सांगू?"

भावजी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचे. पंचवीस वर्षं लोकांना क्लच सोडायला शिकवून त्यांचा आवाज कापसासारखा मऊ झाला होता. या माणसाने छोटीजवळ कधी हवापाण्यापलीकडे तोंड उघडलं नव्हतं.

विष बरोबर भिनलं. ताईला नवऱ्याला विचारता येईना, कारण 'तुला कुणी सांगितलं?' याला उत्तर नव्हतं. गिळून गप्प बसणं तर तिच्या रक्तातच नव्हतं. ती शाळा सोडून चौकात उभी राहायला लागली, शिकाऊ गाडी जाताना आत कोण बसलंय ते बघायला. डोळ्यांखाली काळं आलं. आईकडे आली की चादर-बिदर राहिली बाजूला, आधी टॅब. छोटी स्वयंपाकघरात भांडी घासत ऐकायची. आत सगळं चिडीचूप झालं की तिला इतकं बरं वाटायचं, की नळ चालू ठेवून ती नुसती उभी राहायची.

तिसऱ्या मंगळवारी मॅडम म्हणाल्या, "लिहिताना एक बाई असते आणि माझ्यासमोर दुसरीच बसते. ते भावजींचं मला तुम्ही एकदाही बोलून दाखवलेलं नाही. कुणासाठी लिहिताय?"

"ताईसाठी." छोटी क्षणभरही घुटमळली नाही. "तिला चोरून वाचायची हौस आहे. घे म्हटलं, वाच."

"मग मी यात कोण? पोस्टाची पेटी?"

छोटीचे कान तापले.

"तुमचा राग मला पटतो," मॅडम म्हणाल्या. "पण असली पत्रं आजपासून मी घेणार नाही. आणि भावजींनी तुमचं काय वाकडं केलंय?"

याचं उत्तर दोन दिवसांनी स्वतःच चालत लॅबमध्ये आलं. भावजी दारात उभे, दाढी वाढलेली. "छोटी, तुझी ताई माझे शर्ट हुंगते गं. काल एका शिकणाऱ्या बाईला गाडीतून खाली ओढलं तिने, भर रस्त्यात. माझं काय चुकलं, तुला काही बोलली का?"

छोटीने हातातलं मेण खाली ठेवलं. मग तिने त्यांना सगळं सांगितलं. भावजींनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि निघून गेले.

संध्याकाळी ताई आली. छोटीने दार लावलं, टॅब स्वतःकडे घेतला आणि आईच्या खाटेजवळ उभी राहिली. "ताई, भावजींबद्दल एक गोष्ट आहे, ती ऐकलीस की आज रात्री झोप लागेल तुला. पण आधी आईला सांग. माझं ते वाक्य तू कुठून आणलंस?"

"मी नाही सांगणार."

"नको सांगू. उभी राहा चौकात."

ताई पर्सचा बंद पिळत राहिली. भर शाळेला धाक दाखवणारा तो आवाज कसाबसा बाहेर आला. "तिचं खासगी लिहिलेलं वाचलं मी. चोरून. रोज."

"तर मग भावजींचं सगळं खोटं आहे. तू वाचावं म्हणून लिहिलं मी."

ताई मटकन खाली बसली. आधी हसली, मग ढसाढसा रडायला लागली. छोटीने तिला पाण्याचा पेलाही दिला नाही. द्यावासाही वाटला नाही.

आई दोघींकडे आळीपाळीने बघत होती. जीभ जड, शब्द तुटक. "आणि ते... श्वासाचं? तेही खोटं?"

आता हो म्हणणं किती सोपं होतं. ताईही मान वर करून बघायला लागली.

"नाही आई," छोटी म्हणाली. "ते खरं होतं. काही काही रात्री वाटायचं तसं."

आईने डोळे मिटले. मग म्हणाली, "उद्यापासून... हिच्याकडे. पंधरा दिवस." आणि डाव्या हाताने ताईकडे बोट केलं.

शिक्षा कुणाला होती, ते दोघींपैकी कुणीच विचारलं नाही. ताईने मुकाट्याने आईची पिशवी भरली. भावजी छोटीशी पुन्हा कधी बोलले नाहीत, समोर आली तर रस्ता ओलांडून जायचे.

पुढच्या मंगळवारी मॅडमनी विचारलं, "कसं वाटतंय?"

"ताईचं काहीच वाईट वाटत नाही," छोटी म्हणाली. "खोटं कशाला बोलू? भावजींचं मात्र वाटतं." मग म्हणाली, "आणि काल मी दहा तास झोपले."