कडूबाचा कान

"अर्ध्या घाटात गेली अन् बसली, मिस्त्री. मग शेळ्या उतरवल्या. त्या चालत वर गेल्या, गाडी मागून आली."

बिरूनं हे अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं. एरवी कडूबा पोट धरून हसला असता. पण ही पिकअप महिनाभरात तिसऱ्यांदा त्याच्या दारात उभी होती, आणि तिला काय झालंय हे तिसऱ्यांदाही त्याला कळत नव्हतं.

बिरू दर गुरुवारी छावणीच्या जनावरांच्या बाजारात यायचा. लोकांनी विकत घेतलेल्या शेळ्या-मेंढ्या दौलताबादचा घाट चढवून खुलताबादकडं पोचवायच्या, हा त्याचा धंदा. गाडी वीस वर्षांची. असल्या गाड्यांना कॉम्प्युटर नसतो, त्यामुळे बायपासवरच्या चकाचक वर्कशॉपांत त्यांना कुणी हात लावत नाही. वायर जोडायला जागाच नाही म्हटल्यावर तिथले मेकॅनिक डोकं खाजवतात आणि म्हणतात, छावणीत जा, तिथं कडूबाचा कान आहे.

कान म्हणजे खरोखरच कान. इंजिन चालू ठेवायचं, डिझेल पंपाचे नट ढिले करायचे, पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावायची. मग पंप अगदी थोडा थोडा पुढं सारायचा. एका जागी इंजिनात बारीक कडकड सुरू होते. ती आली रे आली की पंप केसभर मागं घ्यायचा आणि नट आवळायचे. गाडीचा सगळा जोर त्या एवढ्याशा जागेत. पंप मागं राहिला तर गाडी मरगळते. फार पुढं गेला तर तापते, दम टाकते आणि शेवटी पिस्टन खाते. या जुन्या इंजिनांत कंपनीनं कागदावर लिहिलंय त्याहून कितीतरी जास्त ताकद आहे, असं कडूबाचं ठाम मत होतं. कंपनीला ती बाहेर काढायला सवड नव्हती, त्याला होती. याच गाडीनं एकदा भरल्या मालानिशी घाटात एका कोऱ्या करकरीत पिकअपला मागं टाकलं होतं. बिरूनं ते बाजारभर सांगितलं, आणि कडूबानं 'पुरे आता' म्हणत दरवेळी ते पुन्हा ऐकून घेतलं होतं.

आणि आता तीच गाडी शेळ्यांच्या मागून घाट चढत होती.

त्यानं काही करायचं म्हणून बाकी ठेवलं नव्हतं. फिल्टर बदलला, नोझल तपासले, रेडिएटर धुतला. तुझा पाय क्लचवरच असतो म्हणून बिरूलाही झापून झालं. दोन महिन्यांपूर्वी सोमनाथच्या टोमॅटोच्या गाडीचा पिस्टन वितळला, तेव्हा त्यानं सगळं खापर डिझेलवर फोडलं होतं. पण त्यानंतरही एकेक गाडी तक्रार घेऊन परत येत होती. साऱ्या जगाला वाईट डिझेल कसं मिळेल? तेच हात, तोच पेचकस, तीच रीत. मग चुकतंय कुठं? कडूबाचं डोकं भणाणून गेलं होतं.

"नाय जमत असंल तर सांगा," बिरू म्हणाला. "भंगारवाला बघून गेलाय. पुढच्या गुरुवारी नाय चढली तर देऊन टाकतो."

तो रागानं बोलला नाही, आणि कडूबाला तेच जास्त लागलं.

त्यानं पुन्हा इंजिन चालू केलं, नट ढिले केले, पेचकस कानाला लावला. पंप पुढं सारला. अजून थोडा. कडकड काही येईना. आणखी थोडा सारला तेव्हा कुठं दुरून आल्यासारखी ती आली. केसभर मागं घेऊन त्यानं समाधानानं मान वर केली. बिरू चार पावलं मागं सरकून कानावर हात धरून उभा होता.

"लई कडकडतंय, मिस्त्री."

"कुठं? लोण्यागत चाललंय."

थोरल्या माणसाला कसं सांगावं, अशा चेहऱ्यानं बिरू टायरकडं बघत राहिला. कडूबाला वाटलं, हा आपली थट्टा करतोय की काय. तेवढ्यात गॅरेजमागच्या घरातून आशाबाई, त्याची बायको, पिठाच्या हातानंच बाहेर आली आणि गाडी बंद करा म्हणून खुणावू लागली. त्यानं चावी फिरवली.

"पत्र्यावर खडे पडल्यावानी वाजतंय," ती म्हणाली. "पाच-सहा महिने झाले, सगळ्या गाड्यांचं असंच करताय."

"आधी नव्हत्या वाजत?"

"नाय. आधी तुम्ही नट आवळायच्या टायमाला आवाज मऊ व्हायचा. भिंतीपलीकडं मला कळायचं, गाडी झाली. मग मी चहा टाकायची. आता तुम्हालाच आत येऊन सांगावं लागतंय, चहा टाक म्हणून."

कडूबा तिच्याकडं बघतच राहिला. हे खरं होतं. चहा आपसूक यायचा कधी बंद झाला, हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. ती विसरायला लागली, एवढंच त्याला वाटलं होतं.

त्यानं पुन्हा चावी फिरवली आणि पेचकस कानाला लावला. इंजिनाची धडधड हाडापर्यंत येत होती, पण कडकड कुठंच नव्हती. समोर दोन माणसं तोंडं वाकडी करून उभी होती. मग त्याला उमगलं. ती कडकड आपल्याला ऐकू येईपर्यंत तो पंप पुढं सारत होता, आणि ती तर कधीचीच सुरू झालेली असायची. त्याला भीती वाटली आणि त्याहून जास्त लाज वाटली.

अजूनही डिझेलचं नाव घेता आलं असतं. बिरूनं ते ऐकूनही घेतलं असतं.

"बिरू, गाडी चांगली हाय," तो म्हणाला. "माझा कान गेलाय. सोमनाथचा पिस्टनबी माझ्यामुळंच गेला. आज जाऊन सांगतो त्याला."

बिरूनं डोक्यावरचा फेटा सारखा केला. मग हळूच विचारलं, "मग आता हिचा पंप कोण लावणार?"

कडूबानं पेचकस पुसला आणि आशाबाईपुढं धरला. मला काय कळतंय त्यातलं, म्हणून ती मागं सरली.

"एकोणतीस वर्षं भिंतीपलीकडून ऐकतीस. तुला नाय तर कुणाला कळतंय?"

तिनं हात पदराला पुसले, वाकली, त्यानं दाखवलं तिथं टोक टेकवलं आणि मूठ पदराआड कानाला लावली. कडूबा पंप मागं घेऊ लागला. ती मान हलवत होती, अजून नाही. त्याच्या लेखी इंजिन होतं तसंच होतं. आंधळ्यानं हात धरून चालावं तसा तो तिच्या चेहऱ्याकडं बघून पंप सारत राहिला. आणखी मागं. एवढा मागं की त्याच्या अंदाजानं गाडी आता मरगळायलाच हवी होती. न राहवून त्यानं विचारलं, झालं का?

आशाबाईनं पेचकस त्याच्या हातात ठेवला आणि ती आत निघून गेली.

काय झालं ते न कळून कडूबानं बिरूकडं पाहिलं. बिरूचे हात कानावरून खाली आले होते. मग कडूबानं दारातून आत बघितलं. आशाबाईनं चहाचं आधण ठेवलं होतं.

कडूबानं पाना उचलला आणि एकेक करून नट आवळले.