मे महिन्याचा रिपोर्ट

सलग तिसऱ्या वर्षी त्रिंबकच्या रिपोर्टवर तेच होतं: शुक्राणू कमी. बीडच्या डॉक्टरीणबाईंनी तिन्ही कागद शेजारी ठेवले.

"दर वेळी मे महिन्यातच कसे येता?"

"दुष्काळ हाय, बाई. दिवाळीनंतर आमी दोघं ऊसतोडीला जातो. सहकारी कारखाना बंद झाला की मगच गावाकडं येतो."

"उन्हाळ्यात हे प्रमाण बऱ्याच जणांचं उतरतं. एकदा थंडीत तपासा, मग ठरवू."

नेकनूरच्या एसटीत त्रिंबकला घाम फुटला, तो उन्हाचा नव्हता. थंडीला सहा महिने होते आणि वडवणीचे पाहुणे उद्याच येणार होते. त्याच्या बायकोला, गीताला, वांझ ठरवून आईनं, वत्सलाबाईनं, दुसरी पोरगी बघितली होती. आधीचे दोन्ही रिपोर्ट त्यानं आजवर पेटीच्या तळाशी दडवून ठेवले होते.

घरी ओट्यावर ऊसतोड टोळीचा मुकादम बद्रीनाथ पुढच्या हंगामाचं ठरवायला बसला होता. आई सुपात शेंगा निवडत होती. गीता चहा घेऊन आली.

"मला माघात दोन दिवस सुट्टी पायजे," त्रिंबक म्हणाला.

"कावून रं? ऐन तोडीत सासुरवाडी आठवती का?"

त्रिंबक आईकडं वळला. "माझी तपासणी हाय. आई, दोष गीतात न्हाई. खोट माझ्यात हाय. उद्या पाव्हण्यांना येऊ नका म्हणून सांग."

आईच्या हातातलं सूप थांबलं. बद्रीनाथ चहाकडं बघत राहिला.

"कवापसून ठावं हाय तुमाला?" गीतानं विचारलं.

"दोन वर्सं झाली."

तिनं त्याच्यापुढचा कप उचलला आणि आत नेला.