पडद्यावरचे ‘मंजूर’

मित्रांनो, मी फिरत्या टॉकीजचा जुना पडदा आहे, आणि क्षमा हा गुण माझ्या धाग्यांत विणलेला नाही.

जाड मांजरपाटाचे चार पट जोडून मला शिवले. कवठे येमाईपासून कुरकुंभच्या कामगार वस्तीपर्यंत टॉकीजचे मालक रोहिदास आप्पांनी मला देवाच्या वस्त्रासारखे जपून नेले. माझ्यावर प्रभू राम वनात निघाले की बाया हात जोडत. पुढे घरोघरी मोबाइल आले आणि मी आप्पांच्या गोठ्याच्या माळ्यावर गुंडाळून पडलो.

एके वर्षी गावच्या दूध संस्थेच्या वार्षिक सभेत आडोसा म्हणून मला बांधले. अध्यक्ष मारुतराव विषय न वाचताच विचारीत, “मंजूर?” पुढच्या रांगेतील त्यांची माणसे ओरडत, “मंजूर! मंजूर!” आप्पांची कन्या साधना उभी राहिली. “अध्यक्ष, विषय तर वाचा आधी.”

दुसऱ्या दिवसापासून ‘फॅट लागत न्हाई’ म्हणून तिचे दूध केंद्रावरून परत येऊ लागले. दोन म्हशींवर चालणारे ते घर! भरलीच परतलेली दुधाची किटली मी माळ्यावरून रोज पाहत असे आणि मनात सूड जोपासत असे.

मग साधनाने एका खऱ्याखुऱ्या परदेशी हुकूमशहाची टवाळी करणारा चित्रपट मिळवला. तिने व तिची मैत्रीण सायली हिने त्याला मराठी आवाज दिले. यात्रेच्या दिवशी, दिवस कलताच, मला तंबूत ताणले. पुढच्या खुर्च्यांवर मारुतराव आणि जेवून सुस्तावलेली त्यांची माणसे.

छातीभर पदके लावलेला हुकूमशहा माझ्यावर गरजला, “मरेपर्यंत राज्य मीच करणार. मेल्यावरही मीच. मंजूर?”

पेंगणारी पुढची रांग सवयीने ओरडली, “मंजूर! मंजूर!”

मागच्या बायांतून म्हाताऱ्या दगडाबाई म्हणाल्या, “आरं, त्यो पडद्यावरला हाय! तुमचा न्हवं!”

हास्याने तंबूचे खांब हलले. मारुतराव ताडकन उठले. “बंद करा! ह्यो माझ्यावर काढलाय!”

“व्हय का अध्यक्ष?” संस्थेला दूध घालणारा संपत म्हणाला. “आमाला वाटलं, परदेशातला हाय. बरं झालं, तुमीच सांगितलं.”

उभ्या राहिलेल्या मारुतरावांची सावली माझ्यावर पडली. ती मी पुसट होऊ दिली नाही. हुकूमशहाच्या शेजारी, त्याच मापाची, शेवटच्या रांगेलाही दिसेल अशी मी ती धरून ठेवली. मित्रांनो, तो माझा सूड होता आणि तो मला अमृतासारखा गोड लागला.

पुढच्या सभेत मारुतरावांनी “मंजूर?” म्हणताच कुणीतरी फिसकन हसले, मग सारेच हसले. त्यांना प्रथमच प्रत्येक विषय वाचावा लागला. साधनाने आपल्या दुधाचा विषय मांडला. सर्वांसमक्ष फॅट मोजायचे यंत्र लावले. फॅट चांगले साडेसहा लागले. केंद्रावर तिची किटली पुन्हा रिकामी होऊ लागली.

मित्रांनो, एवढ्यावर माझे समाधान नाही. मला उंदीर लागू देऊ नका. कडुनिंबाचा पाला घालून कोरडे ठेवा. संस्थेची निवडणूक अजून व्हायची आहे.