नुन्झिओचा घसा

अरे, ते लिंबूसोड्याचं नंतर बघ, आधी नुसतं ऐक.

नुन्झिओ पहिल्या रांगेत बसलाय. पडद्यावर त्याचंच भलंमोठं तोंड. आणि त्या तोंडातून आवाज येतोय भलत्याच माणसाचा! गुळगुळीत, लोणी लावलेला, रोमचा आवाज!

आता आपल्या कातानियात नुन्झिओ कशासाठी प्रसिद्ध? घशासाठीच ना? बारा वर्षं मासळीबाजारात ओरडून फाटलेला घसा. मग त्याच घशावर अकरा वर्षं ह्याच थेटरात, दोन खेळांच्या मधे स्टेजवर येऊन लोकांना लोळवायचं. नुसता खाकरला तरी शिट्ट्या पडायच्या. पुढे सिनेमावाल्यांनी उचलला. आवाज मागाहून भरतात, हे त्यालाही माहीत होतं. म्हणून पठ्ठ्या अख्खा उन्हाळा घसा जपत बोलावण्याची वाट बघत बसला, बर्फाला शिवलासुद्धा नाही. बोलावणं आलंच नाही.

त्याच्या एका बाजूला बायको, वेनेरा. दुसऱ्या बाजूला रोमहून आलेला निर्मात्याचा माणूस, मोरिकोनी. मोरिकोनीच्या मांडीवर आणखी तीन सिनेमांचा करार. खेळ संपला की सही.

पडद्यावरच्या नुन्झिओनं पहिला विनोद टाकला. थेटर गप्प. मासळीबाजार सगळा मागे बसलेला, पण हूं नाही की चूं नाही. मग आगाता कोळीण ओरडली, "ए नुन्झिओ, मेल्या! रोमला जाऊन घसा विकून आलास काय रे?"

तेव्हा कुठे लोक हसले. पण कशाला हसले, कळलं ना?

नुन्झिओ मोरिकोनीकडे वळला. "माझा आवाज कुठाय?"

"तुमचा चेहरा सोन्याचा आहे हो," मोरिकोनी म्हणाला, "पण तो आवाज मिलानमध्ये कुणाला कळणार? पुढच्या तिन्हीतही हाच रोमचा आवाज ठेवणार आहोत."

नुन्झिओ उठायला लागला. वेनेरानं बाही धरली. "बस खाली. दीड तास तोंड मिटून बसायचंय फक्त. जन्मभर थांबलोय ना ह्यासाठी?"

"तोंड मिटून बसलो तर जन्मभर मिटावं लागेल, वेनेरा."

बाही सोडवून तो चढला की स्टेजवर! तिसरी फळी मोडकी आहे, ती न बघता ओलांडून. आणि वर बघून ओरडला, "तुरी! आवाज बंद कर!"

वरच्या खिडकीतून मशीनवाल्या तुरीनं डोकं काढलं. "मालक हाकलतील मला!"

"मग ये बाजारात, दोघं मिळून मासे विकू!"

खट्! आवाज बंद. आणि पडद्याच्या कडेला उभं राहून नुन्झिओ सुरू झाला. ओठ त्याचे, शब्द त्याचे, एक अक्षर मागेपुढे नाही! नायिकेचंही तोच बोलला, फौजदाराचंही, गाढवाचंही. आगाता तर खुर्चीवरून घसरून खाली बसली, हसता हसता तिला उठवेना.

मोरिकोनी ताडकन उठला. "बाई, हे आत्ता थांबवा, नाहीतर हा कागद फाडला म्हणून समजा!"

वेनेरानं हात पुढे केला. त्याला वाटलं, घाबरली. त्यानं कागद दिला. तिनं तो दुमडला, ऐसपैस बसली आणि त्या कागदानंच वारा घ्यायला लागली.

"बाई! कागद!"

"थांबा हो. उकडतंय किती! आणि जरा बाजूला व्हा, माझा नवरा दिसत नाहीये."

त्यानंतर कुठल्या सिनेमानं त्याला विचारलं नाही. तो आपला दोन खेळांच्या मधेच. परवा मी गेलो होतो. केस पांढरे झालेत, पण ती मोडकी फळी अजून न बघता ओलांडतो. आणि वेनेरा पहिल्या रांगेत, हातात तोच कागद, घड्यांवर पार विरलेला.

आता तू सांग. तीन सिनेमे समोर, आणि फक्त दीड तास गप्प बसायचं. तू काय केलं असतंस?