वरचं कुलूप, खालचं कुलूप

आमच्या प्रार्थना मंडळाचे अध्यक्ष शिंपी आणि सचिव त्यांचेच जावई, सायकल दुकानवाले. दोघांतला अबोला इतका कडक, की मधून जायचं तर मांजरसुद्धा वळसा घेई. दाराला वरच्या कोयंड्यात सासऱ्यांचं कुलूप, खालच्यात जावयाचं. दोघं आल्याशिवाय दार उघडेना आणि दोघं काही एकत्र येईनात. दोन वर्षं देव आत एकटाच.

शेवटी नोंदणी कार्यालयाची नोटीस आली. शुक्रवारी पाचच्या आत दोघांनी मंडळाच्या जागेतच बसून एका ठरावावर सह्या कराव्यात. नाहीतर प्रशासक नेमू, इमारतीला सील लावू. दाराशेजारच्या खोलीत आत्या राहायची, चाळीस वर्षं मंडळाची झाडलोट करणारी. तिला दुसरं छप्पर नव्हतं.

शुक्रवारी साडेचारला अधिकारी घड्याळ बघत उभे. आत्या गाठोड्यावर बसलेली. मी कुलूपवाला, कोणी न बोलावता आलेलो. पोटात दोन गुपितं होती आणि ती एकमेकांना लाथा मारत होती.

शिंप्यांनी ऐटीत वरच्या कुलपाला किल्ली लावली. फिरेना. पुन्हा लावली, तेल सोडलं. कुलूप ढिम्म.

"काय मामा, काजं करून हात थकले?" जावई हसले. मग खाली वाकून त्यांनी आपली किल्ली लावली आणि हसू जागीच गोठलं.

"जावईबापू, पंक्चर झालं वाटतं," सासरे म्हणाले.

"पावणेपाच," अधिकारी म्हणाले.

गंमत अशी, की सोमवारी सासरे माझ्याकडे आले होते: खालचं कुलूप काढून तसंच दिसणारं बसव, किल्ली मला दे, साहेबांसमोर जावयाची फजिती होऊ दे. मंगळवारी जावई आले, वरच्या कुलपासाठी. दोघांनी मला देवाची शपथ घातली. देव एक, शपथा दोन. मी दोन्ही पाळल्या, त्या त्या रात्री कुलूप बदलून.

आता ज्यानं दुसऱ्याचं कुलूप उघडावं, त्यानंच ते बदलल्याचं साहेबांसमोर कबूल केल्यासारखं. दोघांना एव्हाना सगळं कळलं होतं. पण त्या नव्या किल्ल्या खिशातच. मी तोंड उघडायला गेलो, तर दोन्ही शपथा आडव्या आल्या.

"पाचला सात कमी."

आत्या उठली. "माझी खिडकी दाराला लागून आहे," ती म्हणाली. "सोमवारी रात्रीही मी जागीच होते आणि मंगळवारीही. कोण आलं ते विचारू नका. दादा, तुम्ही खाली वाका. जावईबापू, तुम्ही वर हात घाला. माझं गाठोडं सोडायचं की उचलायचं, तेवढं सांगा."

मग शिंप्यांचे गुडघे कुरकुरले. दोन वर्षांत पहिल्यांदा ते जावयाच्या पायाशी वाकले. जावयानं त्यांच्या डोक्यावरून हात नेला. खट. खट.

आत धुळीत बसून अधिकाऱ्यांनी कागद काढला. "यापुढे कुलूप एकच. किल्ली कोणाकडे?"

"ह्यांच्याकडे नको," दोघं एकदम म्हणाले.

"एकमत," असं म्हणत साहेबांनी आत्याचं नाव लिहिलं. पाचला एक मिनिट कमी असताना दुसरी सही झाली.

आत्यानं गाठोडं सोडलं, त्यातून झाडू काढला आणि आधी माझ्याच पायाखालून फिरवला. "तू हो बाहेर. नवं कुलूप आण," ती म्हणाली. "आणि ह्या वेळी एकच."

एकच आणलं. शपथ मात्र कोणी घातली नाही.