एका दाबात उघडलेली छत्री

मित्रांनो, मी एक जुनी निळी छत्री आहे. सध्या आयर्लंडमधल्या डून लेरी नावाच्या गावात एका घरात दारामागे उभी असते, आणि खरं सांगायचं तर मी चोरीचा माल आहे. मला ज्यांनी आणलं ती माणसं अगदी सज्जन आहेत. म्हणून सगळा दोष मी त्यांच्या गळ्यात घालणार नाही.

माझा जन्म जपानमधला. टेकडीवर किल्ला आणि पायथ्याशी जुनी बाजारपेठ असं ते गाव. शत्रूला सरळ किल्ल्यापर्यंत जाता येऊ नये म्हणून तिथले रस्ते मुद्दाम वाकडे केलेले. माझी मालकीण फुमिको आजी. त्यांचं चहाचं दुकान होतं. पाऊस आला की त्या मला घेऊन पेठेतून फेरी मारत. कागदवाल्याला नमस्कार, लोणचीवालीशी चार शब्द, मिठाईच्या दुकानात जरा बूड टेकायचं. माझ्यात एकच खोड होती. पहिल्यांदा कळ दाबली की मी अडून बसायचे, दुसऱ्यांदा दाबली की उघडायचे. आजी दरवेळी हसायच्या.

फेब्रुवारी २०२०मध्ये कौमुदी आणि तिचा नवरा शिरीष त्या पेठेत फिरायला आले. कौमुदी आयर्लंडमधल्या एका इस्पितळात डॉक्टर. मिठाईच्या दुकानात शिरताना शिरीष आपली छत्री आत घेऊन निघाला होता.

"अरे, बाहेर ठेव! इथे सगळे बाहेरच ठेवतात," कौमुदी म्हणाली.

"पुण्यात ठेवली असती तर परत दिसली असती का?"

शेवटी त्याने ती दाराबाहेर माझ्या शेजारी ठेवली; आजी तेव्हा आत बसल्या होत्या. त्याची छत्रीही निळीच होती. परतताना गाडीची घाई होती. त्याने मला उचललं आणि कळ दाबली.

मित्रांनो, तेव्हा मी अडायला हवं होतं. एवढं केलं असतं तरी त्याच्या लक्षात आलं असतं. पण मला त्या वाकड्या गल्ल्यांचा कंटाळा आला होता, जग बघायचं होतं. मी एका दाबात उघडले.

डून लेरीला आल्यावर कौमुदीला माझ्या मुठीखालची पितळी पट्टी दिसली. तिच्यावरच्या जपानी अक्षरांचं तिने फोनवर भाषांतर करून घेतलं. त्यावर आजींचं नाव होतं, दुकानाचा पत्ता होता.

"पाठवून देऊ," शिरीष म्हणाला. तेवढ्यात लॉकडाउन लागला. कौमुदी इस्पितळात अडकली. घरापासून दोन किलोमीटर, मग पाच, एवढंच फिरायची मुभा. शिरीष मला घेऊन समुद्रावर जायचा आणि सांगायचा, "सगळं नीट सुरू झालं की पाठवू. तोवर इथले लोक म्हणतात तसं, इट्स ग्रँड, सगळं झकास." मीही खुशाल वारा खात होते.

एकदा कौमुदी ड्यूटीवरून आली आणि बूट न काढताच पायरीवर बसली. म्हणाली, "तिकडे लोक नातेवाइकांची वाट बघत असतात रे, आणि मला काही करता येत नाही. ही एक तरी गोष्ट आपल्या हातात आहे ना?" त्याच दिवशी तिने आजींना पत्र लिहिलं.

उत्तर २०२१च्या वसंतात आलं. आजी रागावल्या नव्हत्या. लिहिलं होतं, 'तुमची छत्री सुखरूप आहे. दुसऱ्याची वस्तू न विचारता वापरू नये, म्हणून उघडली नाही. माझी मिळेल असं वाटलं, म्हणून नवी घेतली नाही. पावसात मी आता बाहेर पडत नाही, एवढंच.'

शिरीष लगेच मला पाठवायला खोकं शोधू लागला. आणि मी? इथे वर्षाहून जास्त मिरवत होते, आणि तिथे आजींची फेरी बंद पडली होती. मला फार लाज वाटली.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू चुकून हाती आली तर 'उद्या देऊ' म्हणू नका. तिच्या मालकाचे दिवस आपल्या उद्यासाठी थांबत नाहीत.

उद्या मी पोस्टाने निघणार. मी ठरवलं होतं, आजींनी कळ दाबली की पहिल्यांदा मुद्दाम अडायचं, म्हणजे त्या मला ओळखतील आणि हसतील. पण काल शिरीषने मला पुसलं, काडी सरळ केली आणि बिचाऱ्याने कळीत तेल घातलं. आता मला अडताच येत नाही. आजींचा अंगठा सवयीने दुसऱ्यांदा दाबायला जाईल, तेव्हा मी आधीच उघडलेली असेन.