पाहुणे पडले

आमचे हे तिसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडले आणि कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळले, इतकं मला कळतं. त्यापुढचं काही म्हणता काही कळत नाही.

वकीलबाई म्हणाल्या, "कामावर मुकादमाने लावलेलं असलं तरी बांधकाम ज्याचं, त्या ठेकेदाराकडून भरपाई मागता येते. नाहीतर त्याऐवजी निष्काळजीपणाचा दावा लावता येईल. पण आधी हे तिथे मजूर होते, हे ठरलं पाहिजे."

"ठरायचंय काय त्यात? हातात थापी घेऊन पडलेत ते!"

"ठेकेदार म्हणतो, पाहुणे म्हणून आले होते. साइट बघायला. आणि तिथल्या चौघा कामगारांनी तसंच सांगितलंय."

मी कपाळावर हात मारला. मुकादम म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. लग्नात तो ह्यांना 'पाहुणे' म्हणाला, तो आजतागायत. बहिणीच्या नवऱ्याला नावाने हाक कशी मारायची? मग 'पाहुणे, माल कालवा', 'पाहुणे, गिलावा उरका'. त्याचं ऐकून सगळी साइटच ह्यांना पाहुणे म्हणू लागली. पडले तेव्हाही गडी ओरडले ते हेच, 'पाहुणे पडले, पाहुणे पडले!' म्हणजे चौघे खोटं बोलले नव्हते. पण खरंही कुठे बोलले होते? हे मी वकीलबाईंना समजावलं, तर त्या आधी हसल्या आणि मग डोकं धरून बसल्या.

"भावाला आणा," त्या म्हणाल्या. "हे मजूर होते, एवढं त्याने सुनावणीत साहेबांपुढे म्हणावं."

मी दादाकडे गेले. "ठेकेदार मग मला दारात तरी उभं करेल का?" एवढंच बोलला. वहिनी पाणी ठेवून आत निघून गेली. खरंच, त्यांची चूल त्याच कामावर पेटते. इकडे आड, तिकडे विहीर! घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे छताकडे बघत म्हणाले, "दादांना कशाला अडचणीत घालतेस?" मला त्यांचाही राग आला. स्वतःला उठून बसता येत नाही, पण भीड मात्र धडधाकट.

सुनावणीला दादा आला. मी देवाचे आभार मानले. कामगार कार्यालयातल्या साहेबांनी ह्यांच्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण तुमचे?"

"पाहुणे," दादा सवयीने बोलून गेला. ठेकेदाराच्या वकिलाने हसून मान डोलावली.

"म्हणजे पाहुणे म्हणून आले होते?"

दादाने चाकाच्या खुर्चीत बसवून आणलेल्या ह्यांच्याकडे पाहिलं. घसा खाकरला. "नाही साहेब. मजूर आहे तो. माझ्या हाताखाली काम करतो."

एवढ्या वर्षांत दादा ह्यांना पहिल्यांदाच 'तो' म्हणाला. मला हवं होतं तेच तो बोलला, मग मला रडू का यावं?

"परांची कुणी बांधली होती?" साहेबांनी विचारलं. हे विचारतील असं आमच्या कुणाच्याच मनात आलं नव्हतं.

"मीच," दादा म्हणाला. "फळ्या कमी होत्या. ठेकेदार म्हणाला, भागव. मी भागवलं."

ह्यांनी मान खाली घातली. मला दादाच्या गळ्यात पडावंसं वाटलं आणि त्याच क्षणी त्याच्या कानाखाली ओढावीशी वाटली. मी जागची हलले नाही. वकीलबाई माझ्या कानाशी कुजबुजल्या, "झालं हो आपलं काम!"

आपलं म्हणजे कुणाचं, हेच मला कळेना.